कुजबुजमास्तरांचं प्रेशर

आमच्या कुजबुजमास्तरांना आयुष्यात कधी टाळी मिळाली नाही, आणि त्यांनी ती मागितलीही नाही. अडतीस वर्षं ते विंगेत एका तीन पायांच्या स्टुलावर बसले. मांडीवर नाटकाची वही, हातात चिमुकली बॅटरी, आणि रंगमंचावर आम्ही कुणी अडलो की पुढचा शब्द ते आमच्या कानात अलगद सोडायचे. प्रॉम्प्टरचं काम. प्रेक्षकांनी त्यांचा आवाज कधी ऐकला नाही आणि आम्ही नटमंडळींनी ऐकला तो कुजबुजीतच, म्हणून हे नाव. गंमत अशी की माणसाचा खरा आवाज चांगला खणखणीत. भाजीवाल्याशी घासाघीस करायला लागले तर समोरच्या फुटपाथवरची माणसं वळून बघत.

तो खणखणीत आवाज मी सलग पंधरा मिनिटं ऐकला, तो त्यांच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी, एका दवाखान्याच्या जिन्यात. मी माझ्या गुडघ्याचं दाखवायला वर चालले होते, मास्तर काठी आपटत खाली येत होते.

"बाई, मला सांगा, ही काय मोजण्याची पद्धत झाली? चौतीस पायऱ्या चढवायच्या. धापा टाकत वर पोचलो की तसंच स्टुलावर बसवायचं. स्वेटरवरून पट्टा आवळायचा. हात लोंबकळतोय, पाय लोंबकळतायत, आणि वर विचारायचं, आजोबा, नाव काय, वय काय, झोप लागते का, पोट साफ होतं का. इकडे मी पोटाचं सांगतोय, तिकडे पट्टा आवळतोय. शेवटी मी म्हटलं, सिस्टर, तुम्ही माझं प्रेशर मोजताय की माझ्या स्वेटरचं?"

"मग?"

"म्हणाली, स्वेटरचं नॉर्मल आहे आजोबा, तुमचंच एकशे बहात्तर आहे."

मला हसू आलं. मास्तरांना आलं नाही. ते खालच्या पायरीवर बसले, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. पुसून काही उपयोग नव्हता हे त्यांनाही ठाऊक होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. डोळ्यांच्या डॉक्टरांनी ऑपरेशन करायचं कबूल केलं होतं, पण त्यांची अट होती, प्रेशर दीडशेच्या आत असल्याचा या दवाखान्याचा कागद हवा. दोनदा तारीख मिळाली आणि दोनदा कागदापायी गेली. आता येत्या गुरुवारची तारीख होती. ती हुकली तर डोळ्यांचे डॉक्टर चार महिने परदेशी, मुलीकडे.

"चार महिन्यांनी करू की," मी म्हटलं. "डोळे काय पळून जातायत?"

"डोळे नाही जात बाई. लाल जातोय."

हे काय ते मला लगेच कळलं, पण तुम्हाला सांगायला हवं.

मास्तर मुळात छापखान्यात मुद्रितं तपासायचे. अक्षर मोत्यासारखं, म्हणून आमच्या नाटक मंडळीने त्यांना नकला उतरवायला बोलावलं. नक्कल म्हणजे एकेका पात्राची फक्त त्याची वाक्यं लिहिलेली वही. एकदा प्रॉम्प्टर तापाने आडवा झाला आणि मास्तरांना तात्पुरतं विंगेत बसवलं. ते तात्पुरतं अडतीस वर्षं चाललं. छापखान्याची नोकरी सांभाळून, हो. सवय अशी अंगात मुरली की त्यांच्या स्वतःच्या लग्नात नोंदणी कार्यालयातले साहेब शपथेच्या मध्येच चष्मा शोधायला थांबले, तर नवऱ्यामुलाने पुढचं वाक्य हळूच त्यांना सांगितलं. वहिनी, म्हणजे मास्तरांची बायको, स्वतः जाईपर्यंत हे सांगायच्या. म्हणायच्या, "यांच्यापुढे भांडायचीसुद्धा सोय नाही. मी जरा श्वास घ्यायला थांबले की माझं पुढचं वाक्य हेच पुरवतात."

प्रत्येक नाटकाच्या वहीत मास्तर लाल पेन्सिलीने खुणा करायचे. कुणी कुठे थांबतं, किती थांबतं. एक टिंब म्हणजे एक श्वास. दोन टिंबं म्हणजे दोन श्वास. त्या वह्या म्हणजे आम्ही कसं बोललो त्याचा एकमेव पुरावा. छापील पुस्तकात आमची वाक्यं असतील, आमची थांबणी फक्त मास्तरांकडे. एक्केचाळीस वह्या, पत्र्याच्या ट्रंकेत. आणि साध्या पेन्सिलीचा लाल तो, वर्षागणिक उडत चाललेला. मास्तरांनी निवृत्तीनंतर एकेक वही शाईने नव्याने उतरवायला घेतली होती. सोळा झाल्या. सतराव्या वहीपाशी डोळे थांबले. टिंब कोणतं आणि माशीने घातलेला ठिपका कोणता, हे त्यांना दिसेना. दुसऱ्या कुणाला दिसलं तरी कळणार नव्हतं. आणि सतरावी वही, सांगायला संकोच वाटतो, माझ्या नाटकाची होती.

म्हणून मी गुडघा बाजूला ठेवला आणि मास्तरांच्या प्रेशरमध्ये लक्ष घातलं.

त्या संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. दोन खोल्या, खिडकीशी टेबल, टेबलावर उतरवायची वही उघडीच. मास्तरांची मुलगी नुकतीच कामावरून आली होती. ती विम्याच्या कचेरीत खिडकीवर बसते आणि दिवसभरात गप्प बसलेलं सगळं घरी येऊन बोलते. मास्तर तिला रेडिओ म्हणतात. तिने औषधांच्या दुकानातून एक मशीन आणलं होतं. मास्तरांना खुर्चीत बसवून तिने दंडाला पट्टा गुंडाळला आणि बटण दाबलं. तोंड चालूच.

"मावशी, तुम्हाला सांगते, आज एक बाई आल्या, म्हणतात मला नवऱ्याचा विमा बंद करायचाय. मी म्हटलं का हो, तर म्हणतात त्यांची तब्येत आता सुधारलीय. हे बघा, एकशे चौतीस. रोज हेच येतं. डॉक्टरांना सांगितलं तर म्हणतात घरच्या मशीनचं मी कागदावर लिहू शकत नाही. बरोबर आहे म्हणा त्यांचं, उद्या कुणीही काहीही आकडा सांगेल. आमच्याकडे तर लोक वयसुद्धा..."

"रेडिओ, जरा बंद," मास्तर म्हणाले. पण ते आरामात मागे टेकून बसले होते. मला तेव्हाच कळायला हवं होतं. नाही कळलं.

मुलीने कुठल्याशा आरोग्याच्या पत्रकातून प्रेशर मोजायची खरी रीत शोधून ठेवली होती. मास्तरांनी एका पोस्टकार्डावर ती तिच्याकडून मोठ्या अक्षरात लिहून घेतली. पाठीला टेकू. पाय जमिनीवर. दंड उघडा. हात टेबलावर, छातीच्या उंचीला. आधी पाच मिनिटं शांत बसणे. मोजताना बोलू नये, बोलवू नये. शेवटच्या ओळीखाली त्यांनी स्वतः चाचपडत लाल रेघ मारली. ती अक्षरांच्या डोक्यावरून गेली, पण गेली.

मंगळवारी मी त्यांच्याबरोबर गेले. चौतीस पायऱ्या आम्ही दोन मध्यंतरं घेऊन चढलो.

सिस्टर म्हणजे पंचविशीतली, तरतरीत मुलगी. बाहेर बाकांवर चाळीस माणसं, आत एक मशीन, एक स्टूल आणि ती. तिला दोष देणं मला जमलं नाही. आमच्याकडेही चौथ्या प्रयोगानंतर नट वाक्यं गुंडाळायचे, आणि तिचा हा चारशेवा असेल. मास्तरांनी कार्ड पुढे केलं. तिने वाचलं, परत वाचलं.

"हे कुणी लिहिलं?"

"लिहिलं मुलीने. सूचना माझ्या."

"आम्हालाही हेच शिकवलं होतं आजोबा," ती म्हणाली. "पण तिथे बाहेर चाळीस माणसं नव्हती." मग ती उठली, डॉक्टरांच्या खोलीतून पाठीची खुर्ची ओढत आणली, दार लावलं आणि म्हणाली, "चला, आज तुमच्या नाटकाप्रमाणे करू. स्वेटर काढा."

अडतीस वर्षं बिनपाठीच्या स्टुलावर बसलेला माणूस त्या खुर्चीत राजासारखा बसला. पाच मिनिटं झाली. भिंतीवरच्या घड्याळाशिवाय आवाज नाही. सिस्टरने उघड्या दंडाला पट्टा बांधला, बटण दाबलं आणि कार्डावर लिहिल्याप्रमाणे तोंड मिटून मशीनकडे बघत उभी राहिली. ती बोलली नाही. मी बोलले नाही. मास्तर बोलले नाहीत.

एकशे चौऱ्याऐंशी.

"बघा," सिस्टर म्हणाली, आणि तिला खरंच वाईट वाटलं. "नाटक करूनही वाढलंच."

मास्तरांना हवं ते सगळं मिळालं होतं, आता तक्रार कुणाची करणार? ते स्वेटरची बाही शोधत होते आणि ती त्यांना सापडत नव्हती. म्हातारा माणूस इतका लहान झालेला मी क्वचित पाहिला.

बाही धरायला मी पुढे वाकले आणि माझ्या डोळ्यांपुढे ती गेली दोन मिनिटं परत उभी राहिली. पट्टा आवळत होता तेव्हा मास्तर खुर्चीला टेकलेले नव्हते. मान किंचित पुढे, डावा कान सिस्टरकडे, खालचा ओठ अर्धवट सुटलेला. ही बसण्याची तऱ्हा मी अडतीस वर्षं डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत आले होते. ती विंगेतली होती.

मास्तरांच्या धंद्यात एकच प्रश्न खरा अवघड असतो. नटी बोलता बोलता गप्प झाली. ही थांबली की अडकली? थांबली असेल आणि तुम्ही शब्द दिलात, तर तिचा जमलेला क्षण मेला. अडकली असेल आणि नाही दिलात, तर ती मेली. सुरुवातीच्या दिवसांत मास्तरांनी एका ज्येष्ठ नटाला त्याच्या ऐन थांबण्यात शब्द दिला होता. त्या नटाने नंतर रंगपटात सगळ्यांसमोर त्यांना हात जोडून विचारलं, "मास्तर, पुढच्या प्रयोगाला तुम्हीच मेकअप करून जाता का?" त्यानंतर मास्तरांनी एक युक्ती शोधली. ती त्यांनी मला एकदाच सांगितली, दौऱ्यावर, सामानाच्या गाडीत पेट्यांवर बसून चहा पिताना.

"थांबलेला माणूस श्वास घेतो बाई. अडकलेला घेत नाही. तेवढं ऐकायचं."

"इतक्या लांबून श्वास ऐकू येतो?"

"येतो. आपला बंद ठेवला की येतो."

मी स्वतः त्या युक्तीवर तरले आहे. माझ्या त्या नाटकात मी घर विकून चाललेली बाई होते. शेवटच्या प्रवेशात नव्या मालकाला घर दाखवते. खिडकी कशी लावायची, नळ कुठे फिरवायचा, आणि एका बंद खोलीपाशी येऊन थांबते. वहीत तिथे चार टिंबं. दुपारचा प्रयोग होता, नाट्यगृह भरलेलं. मी त्या दारापाशी थांबले आणि डोक्यात स्वच्छ पांढरा पडदा. काहीच नाही. चौथ्या टिंबाला विंगेतून एक शब्द आला, "उन्हाची." मी वाक्य घेतलं, नाट्यगृहभर टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात माझ्या त्या स्तब्धतेचं कौतुक छापून आलं. मास्तरांनी ते कात्रण मला स्वतः आणून दिलं, आणि चेहऱ्यावरची रेघ हलू दिली नाही.

तर असा हा माणूस. त्याच्यासमोर कुणी बोलत असलं की तो निवांत. घरी रेडिओ चालू असतो, एकशे चौतीस. आणि आम्ही शहाण्यांनी त्याच्यासमोर एका मुलीला तोंड मिटून उभं केलं. अडतीस वर्षांत शांतता म्हणजे विश्रांती असं त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. सिस्टर गप्प झाली आणि मास्तर आपला श्वास बंद करून तिचा ऐकत बसले.

"मास्तर," मी विचारलं, "आत्ता ही मुलगी गप्प होती तेव्हा तुम्ही श्वास घेत होता का?"

ते विचारात पडले. मग अगदी ओशाळून म्हणाले, "अडकली असं वाटलं हो. पुढचा शब्द काय ते मला ठाऊक नव्हतं."

सिस्टरला हे दोन वाक्यांत समजावलं. तिने कार्ड उचलून माझ्यापुढे धरलं.

"मावशी, कार्डावर लिहिलंय बोलू नये."

"ते नाही बोलणार. मी बोलेन. तू फक्त बटण दाब."

"मोठ्याने नको. बाहेर लोक आहेत."

"बाळ, मी शेवटच्या रांगेपर्यंत कुजबुजू शकते."

तिने डोक्याला हात लावला, पण पट्टा पुन्हा बांधला. "दोनदा घेईन, मध्ये एक मिनिट सोडून. दोन्ही वेळा कमी आलं तर डॉक्टर मानतील."

मी मास्तरांच्या शेजारी स्टुलावर बसले. वीस वर्षांनी ते भाषण तोंडात घ्यायचं होतं. भीती वाटली, ती प्रेक्षकांची नव्हती.

"या, आत या," मी सुरुवात केली. "ही खिडकी वरून दाबायची, मग लागते. खालून ढकललीत तर हट्ट धरते..."

मशीन गुरगुरलं. मास्तर मागे टेकले. ओठ हलत होते, माझ्याबरोबर, आवाज न करता. आणि छाती वरखाली होत होती.

"एकशे बेचाळीस," सिस्टर म्हणाली, तीही कुजबुजत. मिनिटभराने तिने पुन्हा बटण दाबलं.

"नळ डावीकडे फिरवा. उजवीकडे फिरवला की रडतो. या पायरीवर सगळे अडखळतात, तुम्हीही अडखळाल, मग पायांना सवय होईल. आणि ही खोली..."

एक टिंब. दोन. तीन. चार.

आणि पुन्हा तोच पांढरा पडदा. माझ्या तोंडात शब्द नव्हता. मशीन चालू, पट्टा आवळलेला, खोलीत शांतता. तीच शांतता, जिच्यापायी मघाशी एकशे चौऱ्याऐंशी आलं होतं. आता मास्तर कान देतील, श्वास बंद करतील, आकडा चढेल, गुरुवार जाईल, लाल उडेल, आणि तेही माझ्यामुळे. मी शब्द शोधायचं सोडलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांचा श्वास ऐकायला कान लावला.

चालू होता. आत, बाहेर. आत, बाहेर. दुपारी जेवून आरामखुर्चीत पडल्यासारखा.

मशीन पिपाणीसारखं वाजलं. सिस्टरने पट्टा सोडला. मगच, पट्टा दंडावरून पूर्ण निघाल्यावर, डावीकडून तो जुना आवाज आला.

"उन्हाची."

"ही खोली उन्हाची आहे," मी म्हटलं. "हिला कुलूप लावू नका."

"काय म्हणालात आजोबा?" सिस्टरने विचारलं.

"काही नाही. किती?"

"एकशे अडतीस." ती आकडा लिहीत होती. मग मान वर न करता तिने मला विचारलं, "त्या खोलीत काय होतं हो?"

ते मी तिला सांगितलं नाही. म्हटलं, डॉक्टरांकडून कागद घेऊन ये, मग सांगते. तिने कागद आणला, सही-शिक्क्यानिशी, आणि मी सांगितलं, आणि बाहेरची चाळीस माणसं आणखी पाच मिनिटं थांबली.

जिना उतरताना मास्तर एका हाताने कठडा आणि दुसऱ्याने माझा खांदा धरून होते. विसाव्या पायरीवर थांबले.

"बाई, मघाशी थांबला होतात की अडकला होतात?"

"थांबले होते," मी ठोकून दिलं.

"हं," मास्तर म्हणाले. "श्वास नाही आला ऐकू."

"मग तेव्हाच का नाही दिलात शब्द?"

"दंडाला पट्टा होता ना. बोलू नये असं मीच लिहून घेतलंय. म्हटलं आता बाईंचं बाई बघतील." मग जरा थांबून, "आणि घाबरायचं काय? शब्द ठाऊक होता."

गुरुवारी एक डोळा झाला, डॉक्टर परदेशाहून परतल्यावर दुसरा. त्यानंतर एका सकाळी निरोप आला म्हणून गेले. मास्तर खिडकीशी टेबलावर बसले होते. माझ्याकडे त्यांनी बराच वेळ टक लावून पाहिलं.

"बाई, या सुरकुत्या कधीपासून?"

"मोतीबिंदूच बरा होता तुमचा."

रेडिओने चहा ठेवला आणि सिस्टरची बातमी दिली, म्हणाली, "तिने आता खोलीत पाठीची खुर्ची कायमची ठेवून घेतलीय, ठाऊक आहे ना? बाबांनी तिला नवीन कार्ड लिहून दिलं, स्वतःच्या अक्षरात." टेबलावर सतरावी वही होती. शेजारी नवी वही, शाईने अर्धी झालेली. मास्तरांनी शेवटचा प्रवेश उघडला आणि बोट ठेवलं. खिडकी, नळ, पायरी, आणि ही खोली. पुढे चार टिंबं, इतकी फिकट की मला चष्म्यातूनही दिसेनात. त्यांना दिसत होती. त्यांनी ती नव्या वहीत एकेक करून उतरवली, लाल शाईने. मग लेखणी उचलायच्या ऐवजी त्यांनी आणखी एक टिंब दिलं.

"मास्तर, चार होती."

"पाच होती," मास्तर म्हणाले. "थांबला होतात ना तुम्ही. मला तेव्हा नीट दिसलं नव्हतं."